अमरत्वाचं बिल कुणाच्या नावावर? विद्याहरण, ययाति आणि मॅक्रोपुलोस

संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून एक प्रश्न वारंवार येतो: "मराठीत अमरत्वावरचं विज्ञाननाटक आहे का? असेल तर त्यावर विषय घेता येईल." प्रश्न सरळ दिसतो, पण त्यात दोन शब्द असे आहेत की ज्यांची व्याख्या केल्याशिवाय उत्तर देता येत नाही. एक 'अमरत्व' आणि दुसरा 'विज्ञाननाटक'. या लेखात मी दोन्हींकडे इतिहासाच्या अंगाने बघणार आहे. माझं म्हणणं थोडक्यात आधीच सांगते. रंगभूमीवरचं अमरत्व युरोपात 'कंटाळा येईल का?' या प्रश्नाशी जाऊन थांबलं. आपल्याकडे त्याच विषयाने 'याची किंमत कोण देणार?' हा प्रश्न विचारला. आणि नीट वाचलं तर युरोपच्या नाटकातही हा दुसरा प्रश्न कोपऱ्यात उभा असलेला दिसतो.

आधी मोजपट्टी

विज्ञानकथेच्या अभ्यासात डार्को सुविन या समीक्षकाची 'नोव्हम' ही कल्पना १९७०च्या दशकापासून वापरली जाते. कथेत अशी एक नवी गोष्ट हवी की जिच्यामुळे ते जग आपल्या जगापेक्षा वेगळं होतं, आणि ती गोष्ट बुद्धीला पटेल अशा रीतीने मांडलेली हवी. या व्याख्येने शाप, वर, मंत्र हे सगळं बाहेर पडतं. मग मराठी रंगभूमीवर शोधायला फारसं काही उरत नाही आणि आपण "मराठीत परंपराच नाही" असं लिहून मोकळे होतो.

मी इथे थोडी वेगळी मोजपट्टी लावते. कुठल्याही अमरत्वाच्या कथेला तीन गोष्टी विचारायच्या. साधन काय आहे? त्या साधनाचे नियम काय आहेत? आणि हिशोब कसा जुळतो, म्हणजे एकाला मिळालं तर दुसऱ्याचं काय जातं? एमएस्सीला आपण कुठलीही प्रणाली अशीच समजून घेतो. मग ती प्रणाली पुराणातली असली तरी नियम लावून बघायला हरकत नसावी.

याचा पहिला सराव नाशिककरांना घरबसल्या करता येतो. समुद्रमंथनानंतर अमृताच्या कुंभातून चार ठिकाणी थेंब सांडले आणि त्यातलं एक आपलं गाव, ही कथा इथे प्रत्येकाने ऐकलेली असते. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. गुरूची सूर्याभोवतीची फेरी ११.८६ वर्षांची, म्हणून साधारण बारा वर्षांनी मेळा, पुढचा २०२७चा. पण या कथेत थेंबांपेक्षा महत्त्वाचं आहे ते वाटप. मंथनाला देव आणि दानव दोघेही राबले. वाढायला मोहिनी आली आणि अमृत एकाच पंगतीला मिळालं. राहू रांगेत शिरला, तोंडाशी थेंब गेला आणि मान उडवली गेली. साधन: एक द्रव. नियम: प्यायला की मरण नाही. हिशोब: साठा मर्यादित, श्रम सगळ्यांचे, लाभ निम्म्यांचा. अमरत्वाच्या आपल्या सगळ्यात प्रसिद्ध कथेत 'अमर होऊन काय वाटेल?' हा प्रश्न कुणी विचारतच नाही. सगळं भांडण 'कुणाला मिळेल?' यावर आहे.

१९१३: विद्या चोरीला जाते

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'संगीत विद्याहरण' १९१३ साली रंगभूमीवर आलं. मद्यपानाच्या दुष्परिणामांचं नाटक म्हणून ते ओळखलं जातं आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या मुळाशी असलेली कचाची कथा संशोधकाच्या नजरेने वाचून बघा.

मेलेल्याला जिवंत करणारी संजीवनी विद्या फक्त शुक्राचार्यांकडे आहे. त्यामुळे दानवांचं सैन्य संपत नाही आणि देवांचं संपत चाललंय. देव आपला माणूस, बृहस्पतीचा मुलगा कच, शुक्राचार्यांकडे शिष्य म्हणून पाठवतात. दानव त्याला ओळखतात आणि मारतात. देवयानीच्या हट्टापायी शुक्राचार्य त्याला जिवंत करतात. पुन्हा मारतात, पुन्हा जिवंत होतो. तिसऱ्या वेळी त्याला जाळून राख मद्यात मिसळतात आणि ते मद्य शुक्राचार्यांनाच पाजतात. आता कचाला उठवायचं तर गुरूचं पोट फाडूनच तो बाहेर येणार. मार्ग एकच: पोटातल्या कचाला विद्या शिकवायची, म्हणजे बाहेर येऊन तो गुरूला उठवेल. अशी विद्या देवांच्या हाती लागते.

इथलं साधन द्रव नाही, ज्ञान आहे. आणि ज्ञानाचा नियम वेगळा. अमृत एकाने प्यायलं तर दुसऱ्याचं कमी होतं. विद्या शिकवली तर शिकवणाऱ्याची कमी होत नाही. म्हणून तिच्याभोवती पहारा लागतो, हेरगिरी होते, शिष्याच्या वेशात माणसं येतात. शेवटी देवयानी कचाला शाप देते की ही विद्या तुला फळणार नाही. कच म्हणतो, मला नाही फळली तरी मी ज्याला शिकवेन त्याला फळेल. ज्ञान एकदा बाहेर पडलं की ज्याने आणलं त्याच्यापुरतंही ते मर्यादित राहत नाही, हे इतकं नेमकं सांगणारा दुसरा प्रसंग मला माहीत नाही.

त्याच सुमारास प्रत्यक्ष प्रयोगशाळेत काय चाललं होतं? १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्सी कॅरेल यांनी कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवायला घेतल्या. ते पेशींचं वाण १९४६पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षं, टिकवलं गेलं. पेशी मुळात अमरच असते, मरतो तो देह, असा समज त्यातून पक्का झाला. कॅरेल नोबेलविजेते, त्यामुळे शंका घेणारे थोडे. १९६१ साली लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिलं की माणसाची सामान्य पेशी साधारण पन्नासेक वेळा विभागते आणि थांबते. मग कॅरेलच्या पेशी का थांबल्या नाहीत? एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की त्यांना खाऊ घालायला जो गर्भाचा अर्क वापरत, त्यातूनच ताज्या पेशी आत जात असाव्यात. म्हणजे जुन्या पेशी जगत नव्हत्या, त्यांच्या जागी कोवळ्या येत होत्या. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक सूचना इथेच. १९१२ आणि १९१३ शेजारी ठेवले की 'प्रभाव' शोधायचा मोह होतो. खाडिलकरांनी कॅरेल वाचले होते असं म्हणायला माझ्याकडे काहीही आधार नाही आणि तसं मी म्हणतही नाही. दोन तारखा शेजारी असणं म्हणजे फक्त शेजारी असणं. त्यांचा उपयोग तुलनेसाठी करायचा, कारण म्हणून नाही.

१९२२: प्रागमधली तीनशे वर्षांची गायिका

कारेल चापेक हे नाव आपल्याला 'रोबो' या शब्दामुळे माहीत असतं. तो शब्द ज्या नाटकातून जगभर गेला ते 'आर. यू. आर.' १९२०चं. त्यानंतर दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, प्रागमध्ये त्यांचं 'मॅक्रोपुलोस प्रकरण' रंगमंचावर आलं. अमरत्वावरचं विज्ञाननाटक म्हणून आज कुणालाही पहिल्यांदा हेच आठवतं.

नाटक सुरू होतं वकिलाच्या कचेरीत. जवळजवळ शंभर वर्षं चाललेला वारसाहक्काचा दावा आहे. एमिलिया मार्टी नावाची प्रसिद्ध गायिका तिथे येते आणि शंभर वर्षांपूर्वीच्या कागदपत्रांबद्दल अशी बोलते की जणू ती तिथे हजर होती. हळूहळू उलगडतं की ती खरोखरच हजर होती. तिचं खरं नाव एलिना मॅक्रोपुलोस. बाप सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या दरबारातला वैद्य. सम्राटाला आयुष्य वाढवणारं औषध हवं होतं, पण विषाची भीती वाटली, म्हणून त्याने फर्मावलं: आधी तुझ्या मुलीला पाज. मुलगी सोळा वर्षांची. ती बेशुद्ध पडली, बाप तुरुंगात गेला. मुलगी उठली, सूत्राचा कागद घेऊन पळाली आणि तीनशेहून जास्त वर्षं जगली. आता औषधाचा परिणाम संपत आलाय म्हणून तिला तो कागद परत हवा आहे.

शेवटच्या अंकात कागद सगळ्यांसमोर येतो आणि वाद सुरू होतो. कारकून व्हिटेक म्हणतो, हे सूत्र सगळ्या माणसांचं, सगळ्यांना द्या. सरदार प्रूस म्हणतो, नाही, फक्त निवडक बलवान लोकांना. वकील कोलेनाटी व्यवहार बघतो: करार, विमा, पेन्शन, लग्न, वारसा, ही सगळी व्यवस्था माणूस लवकर मरतो या गृहीतकावर उभी आहे, तिचं काय करायचं? एलिना मात्र थकली आहे. तिला कशातच रस उरलेला नाही. गाणं असो की गप्प बसणं, तिला सारखंच वाटतं. शेवटी कागद क्रिस्टिना या तरुण गायिकेच्या हातात येतो आणि ती तो जाळून टाकते.

चापेकने प्रस्तावनेत सांगितलंय की कल्पना सुचली ती मेचनिकॉव्ह या जीवशास्त्रज्ञाच्या सिद्धांतावरून: म्हातारपण म्हणजे शरीराचं आपल्याच आतल्या विषांनी होणारं नुकसान. त्या काळात हा विषय हवेतच होता. व्हिएन्नात स्टाइनाख तारुण्य परत आणण्याची शस्त्रक्रिया करत होते, पॅरिसमध्ये व्होरोनॉफ माकडांच्या ग्रंथींचे तुकडे म्हाताऱ्या श्रीमंतांना बसवत होते. बर्नार्ड शॉचं पाच नाटकांचं 'बॅक टू मेथुसेला' १९२१ साली छापून आलं. त्यात शॉ उलट टोकाला आहे: माणूस शहाणा होण्याआधीच मरतो, म्हणून राजकारण पोरकट राहतं, तीनशे वर्षं मिळाली तर कदाचित सुधारेल. एकाच काळात, एकाच आकड्यावर, दोन नाटककारांची दोन उत्तरं. तुलनात्मक अभ्यासाला याहून सोयीची जोडी शोधून सापडणार नाही.

१९५९ ते १९६६: ययाति तीनदा येतो

आता आपल्याकडे. वि. स. खांडेकरांची 'ययाति' कादंबरी १९५९ची. पुढे १९७४चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं. माथेरानला जन्मलेल्या गिरीश कार्नाडांचं पहिलं नाटक, कन्नडमधलं 'ययाति', १९६१चं. आणि नाशिकमध्ये राहणाऱ्या वि. वा. शिरवाडकरांचं, म्हणजे आपल्या तात्यासाहेबांचं, 'ययाति आणि देवयानी' १९६६ साली गोवा हिंदू असोसिएशनने जितेंद्र अभिषेकींच्या संगीतासह रंगमंचावर आणलं. सात वर्षांत तीन मोठ्या लेखकांनी एकच राजा निवडला.

मूळ कथेतलं साधन शाप आहे, पण त्याचे नियम बघा, किती काटेकोर आहेत. ययातिला अकाली वार्धक्य येतं. ते तो दुसऱ्याला देऊ शकतो. पण समोरचा कबूल हवा. देवाणघेवाण एकास एक. आणि ती उलट फिरवता येते. म्हणजे दोघांचं मिळून तारुण्य तेवढंच राहतं, फक्त जागा बदलतं. भौतिकशास्त्रात ज्याला अक्षय्यतेचा नियम म्हणतो तशीच ही रचना आहे. शाप हे नाव बाजूला ठेवलं तर विज्ञानकथेला लागणारा शिस्तीचा नियम इथे पुरेपूर आहे.

हिशोबही स्पष्ट आहे. बापाला जे मिळतं ते मुलाचं जातं. यदु, तुर्वसु, द्रुह्यु आणि अनु हे चार मुलगे नकार देतात आणि चौघांनाही बाप शाप देतो. पाचवा, सगळ्यात धाकटा पुरू, हो म्हणतो आणि त्याला राज्य मिळतं. आता विचार करा. पुरूची संमती खरी होती का? समोर चार भावांना शिक्षा झालेली, होकाराला राज्याचं बक्षीस आधीच जाहीर, आणि विचारणारा स्वतः बाप आणि राजा. आजच्या कुठल्याही नैतिकता समितीपुढे हे संमतिपत्र ठेवलं तर ते परत येईल. दबाव, आमिष आणि विचारणाऱ्याचा अधिकार, संमती बाद करणारी तिन्ही कारणं एका प्रसंगात आहेत.

कार्नाडांनी यात एक भर घातली जी महाभारतात नाही: पुरूची बायको चित्रलेखा. नुकतीच लग्न होऊन आलेली. सासरा आणि नवरा यांच्यात सौदा होतो आणि तिला कुणी विचारलेलं नसतं. ती ययातिला जाब विचारते आणि विष घेते. दोघांमधल्या व्यवहाराची झळ तिसऱ्याला बसते, आणि ते बघितल्यावर ययाति म्हातारपण परत घेतो. महाभारतातल्या ययातिला हे शहाणपण यायला हजार वर्षं लागतात. कार्नाडांच्या ययातिला एक मृत्यू पुरतो.

शिरवाडकरांच्या नाटकाच्या नावातच नवरा आणि बायको आहेत, बाप आणि लेक नाहीत. म्हणजे एकाच कथेतला वेगळा धागा त्यांनी पुढे घेतला. विषय एक असला तरी प्रश्न एक असतो असं नाही. साहित्याच्या अभ्यासात हे वेगळं करून दाखवणं हेच आपलं काम.

आणि नाशिककरांनी इथे आणखी एक जोडी लक्षात घ्यावी. 'ययाति आणि देवयानी'च्या दोनच वर्षं आधी, १९६४ साली, याच संस्थेने, अभिषेकींच्याच संगीतासह, नाशिकच्याच वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' आणलं होतं. सत्यवती आणि देवव्रताची कथा. म्हातारा होत चाललेल्या शंतनूला तरुण सत्यवती हवी आहे. मुलगा देवव्रत त्यासाठी राज्य आणि लग्न दोन्ही सोडतो. बदल्यात बाप त्याला इच्छामरणाचा वर देतो. पुरू आणि भीष्म एकाच वंशातले, आणि दोघांची गोष्ट एकच: बापाच्या इच्छेसाठी मुलाचं तारुण्य. फरक इतकाच की पुरूला ते परत मिळालं आणि भीष्माला मरण पुढे ढकलायचा अधिकार मिळाला, जो शेवटी त्याला शरपंजरी पडून वापरावा लागला.

दोन नाटककार, एक गाव, एक संस्था, एक संगीतकार, दोन वर्षांचं अंतर, आणि दोन्हीकडे तारुण्य देऊन टाकणाऱ्या मुलांचा वंश. हा योगायोग आहे की त्या काळाची काही गरज होती? मला गरज असावी असं वाटतं, आणि त्याचं कारण लोकसंख्याशास्त्रात शोधता येईल. १९४१ ते १९५१ या दशकात भारतीयांचं सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षं होतं; पुढच्या दशकात ते ४१च्या आसपास गेलं. बालमृत्यू कमी होणं हे त्यामागचं मोठं कारण, तरीही घरात आजोबा-आजी जास्त काळ असणं, सत्तेच्या खुर्चीवर वयस्क माणसं टिकणं, मुलाने घरासाठी आपलं शिक्षण किंवा लग्न लांबवणं, हे अनुभव वाढत होते. हे माझं गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. तपासायचं तर त्या दशकातली नाट्यपरीक्षणं काढून बघावी लागतील: प्रेक्षकांनी पुरूत आणि देवव्रतात काय बघितलं?

कंटाळा की तहान?

आता तत्त्वज्ञानाकडे. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांचा चापेकच्या नाटकावरचा निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला आणि अमरत्वाच्या चर्चेत तो आजही पहिला वाचायला देतात. त्यांचं म्हणणं असं. अमर आयुष्य हवंसं वाटायला दोन अटी आहेत. एक, जगणारा मीच असायला हवा. दोन, त्या आयुष्यात मला आत्ता ज्या गोष्टी मोलाच्या वाटतात त्यांच्याशी नातं उरायला हवं. माणसाला जगायला लावणाऱ्या काही मूळ इच्छा असतात. अनंत काळात त्या एक तर पुऱ्या होतात, मग कंटाळा उरतो, किंवा त्या इतक्या बदलतात की जगणारा 'मी' राहत नाही. एलिना पहिल्या खड्ड्यात पडली. १९९४ साली जॉन मार्टिन फिशर यांनी उत्तर दिलं की काही सुखं पुन्हा पुन्हा घेता येतात, मधे अंतर गेलं की ती पुन्हा ताजी होतात. चांगलं जेवण, संगीत, मैत्री. म्हणजे कंटाळा अटळ नाही.

या वादात ययातिला साक्षीला बोलवा. त्याला हजार वर्षं तारुण्य मिळालं. तो कंटाळला का? नाही. त्याचा निष्कर्ष नेमका उलटा आहे: भोगाने इच्छा शमत नाही, तूप ओतलेल्या आगीसारखी ती वाढतेच. एलिनाची इच्छा संपली, ययातिची संपेना. विल्यम्सच्या युक्तिवादाला ययाति हा सरळ प्रतिवाद आहे, आणि फिशरच्या बाजूचाही नाही, कारण ताजं होत राहणारं सुख ययातिला समाधान देत नाही. दीर्घायुष्य दोन विरुद्ध कारणांनी फसू शकतं, हे दोन नाटकं शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

अश्वत्थामा ही तिसरी शक्यता. भळभळती जखम घेऊन तीन हजार वर्षं एकटं भटकायचा शाप. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत यात्रा जाते ती त्याच्याच नावाने, आणि जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्याकडे आजीच्या गोष्टींतही भेटतो. धर्मवीर भारतींच्या 'अंधा युग' या १९५४च्या हिंदी नाटकात तो ब्रह्मास्त्र सोडणारा माणूस आहे. अणुबॉम्बनंतरच्या दशकात तो कसा वाचला गेला असेल हे वेगळं सांगायला नको. त्याला कंटाळा नाही, तहानही नाही. त्याला फक्त मरण नाकारलं आहे. भीष्माचं वरदान आणि अश्वत्थाम्याची शिक्षा यांतला फरक एवढाच की शेवट ठरवायचा हक्क कुणाकडे आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला परवानगी दिली, तेव्हा चर्चेच्या मुळाशी हाच फरक होता.

प्रयोगशाळेतला पुरू

आता ते वाक्य आठवा: जुन्या पेशी जगत नव्हत्या, कोवळ्या आत येत होत्या. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्लाइव्ह मॅके यांनी म्हातारा आणि तरुण उंदीर शिवून त्यांचं रक्ताभिसरण एक केलं. २००५ साली स्टॅनफर्डमधल्या गटाने हाच प्रयोग नव्या साधनांनी केला आणि म्हाताऱ्या उंदराच्या स्नायूंतल्या मूळपेशी पुन्हा कामाला लागलेल्या दिसल्या. बातम्यांमध्ये 'तरुण रक्ताची जादू' गाजली. पण २०११ साली याच प्रकारच्या प्रयोगात हेही दिसलं की तरुण उंदराच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होण्याचं प्रमाण घटतं. म्हणजे पुरू म्हातारा होतो. ही बाजू बातम्यांत फार आली नाही.

पुढे अमेरिकेत 'अ‍ॅम्ब्रोसिया' नावाच्या कंपनीने तरुणांच्या रक्तातला प्लाझ्मा लिटरला आठ हजार डॉलरने विकायला काढला. अ‍ॅम्ब्रोसिया म्हणजे ग्रीकांचं अमृत. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या औषध नियामकाने अशा उपचाराचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि धोका आहे, असा इशारा दिला आणि कंपनीने उपचार थांबवले.

इथे एलिनाकडे परत जाऊ. विल्यम्सच्या निबंधानंतर तिची ओळख 'कंटाळलेली बाई' अशीच झाली. पण ती आधी सोळा वर्षांची मुलगी होती जिला बापाने, राजाच्या हुकुमावरून, तपासलेलं नसलेलं औषध पाजलं. मानवी प्रयोगातली ती पहिली व्यक्ती, आणि तिला कुणी विचारलं नाही. मानवी संशोधनातल्या संमतीची तत्त्वं सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा १९६४चा. प्रागच्या दरबारात त्याचा प्रश्नच नव्हता. पुरू, देवव्रत, एलिना: तिन्ही ठिकाणी इच्छा वडीलधाऱ्याची किंवा सत्तेची आणि शरीर मुलाचं. क्रिस्टिना कागद जाळते तेव्हा एका तरुण मुलीने दुसऱ्या मुलीच्या वाट्याला आलेला प्रयोग संपवला, असंही ते दृश्य वाचता येतं. कंटाळ्याच्या वाचनात हे निसटतं. ययातिकडून चापेककडे गेलं की दिसतं.

मग मराठी विज्ञाननाटक का नाही?

१९६६ साली तात्यासाहेबांचं नाटक आलं, त्याच वर्षी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांनी नाव बदलून 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि मराठी विज्ञानकथेला नवं वळण मिळालं. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला झालेल्या ९४व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. विज्ञानकथेला मिळालेला हा मोठा मान. पण ही सगळी वाटचाल कथा आणि कादंबरीची आहे. स्पर्धा, मासिकं, दिवाळी अंक यांनी कथेला जागा दिली. नाटकाला मात्र अमरत्वासाठी नवी यंत्रं लागलीच नाहीत, कारण शाप, वर आणि विद्या ही तयार यंत्रणा प्रेक्षकाला पाठ होती. नटाने खांदे वाकवले, आवाज बदलला की पुरू म्हातारा झाला. खर्च शून्य, समजावून सांगायची गरज शून्य. जी भाषा इतकं काम करते ती सोडून नवी कोण शिकेल?

म्हणून "विज्ञाननाटकं नाहीत" हे वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी दोन गोष्टी करा. पहिली, छापील नाटकांवर थांबू नका. राज्य नाट्यस्पर्धा १९५४पासून चालू आहे, आणि महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. न छापलेल्या एकांकिका आणि नाटकं शोधायची तर रस्ता तिथून जातो. परीक्षणांसाठी नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, स्थापना १८४०, हे सुरुवातीचं ठिकाण ठेवा. दुसरी, यादी करताना 'विज्ञान' असा शिक्का आहे का हे बघू नका. साधन, नियम आणि हिशोब हे तीन रकाने करा आणि प्रत्येक संहितेसाठी भरा. तिसरा रकाना भरताना एक पोटप्रश्न ठेवा: किंमत देणाऱ्याला कुणी विचारलं होतं का?

आज भारतीयांचं सरासरी आयुर्मान सत्तरीच्या घरात आहे आणि आयुष्य आणखी वाढवायच्या संशोधनात जगभर पैसा ओतला जातोय. त्यातल्या एखाद्या प्रयोगशाळेत तुमच्यापैकी कुणी उद्या काम करेल. तिथे पहिल्या दिवशी जो संमतीचा अर्ज हातात येईल तो वाचताना पुरूचे चार भाऊ आठवले तरी या अभ्यासाचा उपयोग झाला असं मी समजेन.